अर्धी शिवी

आमच्या घरात सकाळी सर्वांत आधी ऐकू यायची ती बाबांची शिवी. कोंबडं त्यानंतर. अंधार पुरता फिटलेला नसे तेव्हा बाबा गोठ्यात जात, बैलांपुढे धानाची तणस टाकत आणि म्हणत, "च्यामायले, थंडी का आहे." मग आत मायच्या पायाखाली ढेकी सुरू व्हायची. पायानं दाबून धान कांडायचं ते लाकडी यंत्र आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत होतं, आणि त्याच्या धप्प-धप्प आवाजावर मी आणि माझी मोठी बहीण पारबता आणखी थोडं झोपून घ्यायचो. दूर धानाच्या बांध्यांमधून सारसाची जोडी ओरडायची. छोट्या लाइनची गाडी अर्जुनीकडून शिटी वाजवत यायची आणि बाबा अंगणातून म्हणायचे, "च्यामायले, आज टायमावर आली." इतक्या आवाजांनंतर मात्र झोपणं शक्य नसायचं.

हा एकच शब्द बाबांना सगळ्या कामांना पुरायचा. धान चांगलं आलं की तो आनंदाचा असे, आणि लोंबीत पोचट दाणा निघाला की त्याच शब्दाला खाली ओढून ते तो दुःखाचा करत. गावात कुणाचं मूल गेल्याची खबर आली तर ते ओसरीवर बसून डोक्यावरचं पागोटं काढत आणि तोच शब्द इतक्या हळू म्हणत की तो मंत्रासारखा वाटे. बैल तर त्याच्याशिवाय हलतच नसत. कुणाला म्हणून त्यांनी तो शब्द कधी वापरला नाही. त्यांनी आम्हांला किंवा गड्याला कधी बोट लावलं नाही, मोठ्यानं ओरडलेलंही मला आठवत नाही. तोंडात तेवढा शब्द होता. कुणाच्या तोंडात तंबाखू असते, तसा.

मायला तो शब्द खपत नसे. ती तिरोड्याकडच्या, माळकऱ्यांच्या घरची लेक. तिच्या माहेरी गुरांनासुद्धा 'देवा, चल' म्हणत, असं ती सांगायची. आमच्याकडे आल्यापासून तिनं बाबांना समजावून पाहिलं, रुसून पाहिलं, एकदा तर लाखोरीच्या डाळीत मीठच घातलं नाही. बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "च्यामायले, आज मीठ विसरली का?" त्यावर तीच हसली आणि तो विषय तिनं सोडून दिला. पण आम्हां मुलींच्या तोंडी तो शब्द येऊ नये यावर तिचा डोळा असायचा. शाळेत पाटी हातातून पडून फुटली तेव्हा माझ्या तोंडून तो निघाला, आणि गुरुजींनी घरी निरोप धाडला. मायनं मला चुलीपुढे बसवून विचारलं, तुला त्याचा अर्थ माहीत आहे का. मी म्हटलं, नाही, तूच सांग. तिनं हातातलं लाकूड चुलीत सारलं आणि म्हणाली, चांगल्या घरच्या पोरींना तो माहीत नसतो. म्हणजे तिला तो माहीत होता, एवढंच मला कळलं.

पारबतेची पहिली सोयरिक या शब्दानं मोडली. पारबता तेव्हा सतराची असेल. उंच, सावळी, कामाला वाघीण, पण बोलायला कमी. पहिलं स्थळ आलं ते मोठ्या घरचं होतं. मुलाचे वडील भजनी, गळ्यात तुळशीची माळ. ते बैलगाडीनं आले आणि गाडीला अशी पांढरीशुभ्र जोडी होती की बाबा स्वागत विसरून बैलांकडेच गेले. त्यांच्या वशिंडावरून हात फिरवला आणि मनापासून म्हणाले, "च्यामायले, का जोडी आहे." माळकरी गृहस्थ खाली उतरता उतरता थांबले. तसे ते बसले, पोहे खाल्ले, पाणी प्याले. पण त्यांनी पारबतेकडे नीट पाहिलंही नाही. पुढं गावच्या न्हाव्याबरोबर निरोप आला: पोरगी चांगली आहे, घरची वाणी बरी नाही.

निरोप सांगितला त्या वेळी पारबता अंगणात आयते करत होती. तांदळाच्या पिठाचं ते पातळ, जाळीदार धिरडं तव्यावरून काढायला एक क्षण चुकला की करपतं. तिचा एकही करपला नाही. तिनं सगळ्यांना वाढलं, स्वतः जेवली, आणि रात्री भांडी घासताना मला म्हणाली की बाबाले काही म्हनू नको. पण बाबांना कुणी काही म्हणायची गरजच नव्हती. ते दुसऱ्या दिवसापासून बोलेनासे झाले.

त्या शब्दावर त्यांनी तोंड बंद केलं, आणि त्याच्याबरोबर बाकीचे शब्दही आत राहिले. वाक्याची सुरुवातच सापडत नसे बहुतेक. सकाळी ते मुकाट्यानं गोठ्यात जात. बैल वळून त्यांच्याकडे पाहत उभे राहत, आणि बाबा कासरा ओढून ओढून दमत. गाडी टायमावर येवो की उशिरा, अंगणातून काही ऐकू येत नसे. ज्या मायनं इतकी वर्षं तो शब्द जावा म्हणून उपास केले असतील, तीच आता ढेकीवरून थांबून कान देऊन ऐकायची. गावातल्या बायका पारबतेकडे पाहून आवाज खाली करू लागल्या होत्या. एकदा सोयरिक मोडलेल्या मुलीबद्दल लोक कारण विचारत नाहीत, स्वतःच तयार करतात.

दिवाळीनंतर गावच्या मंडईला बाबांची मोठी बहीण, आमची आत्या आली. मंडई म्हणजे जत्राच. दंडारीचं रात्रभराचं नाटक, दुकानं, पाहुण्यांनी भरलेली घरं. आत्या मात्र तमाशा पाहायला गेली नाही. बोडीतून, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातून काढलेले शिंगाडे घेऊन ती पडवीत बसली, मला सोलायला बसवलं आणि म्हणाली, भाऊ काऊन मुका झाला ते सांग. मी सांगितलं. मग मी तिला विचारलं की असं त्या शब्दात आहे तरी काय. आत्याचं तोंड आमच्या घरात सर्वांत मोकळं होतं. तिनं शिंगाड्याचा काटा मोडला आणि सरळ सांगून टाकलं.

ती म्हणाली, हा शब्द पुरा नाही, हे मधलं धड आहे. याला पुढं डोकं होतं आणि मागं शेपूट होतं. शेपूट म्हणजे घाण गोष्ट, ती तुला लग्नानंतर आपोआप कळेल. माझा आजा, म्हणजे तिचा बाप, ती शिवी पुरीच्या पुरी म्हणायचा. आमच्या घराण्यात तळी बांधायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. एका उन्हाळ्यात गावच्या तलावाची पाळ दुरुस्त होत होती आणि आजा पाळीवर उभा राहून माती टाकणाऱ्यांना दिवसभर शिव्या घालत होता. एक दिवस आजी त्याची शिदोरी घेऊन गेली. तिनं ते ऐकलं आणि शिदोरी हातात देताना एवढंच म्हटलं, की ज्या ज्या पोराच्या मायचं तुम्ही नाव काढून राहिले, ती माय त्याच्याच मागं डोक्यावर टोपलं घेऊन उभी आहे. आज्यानं वर पाहिलं. खरंच ओळीनं बायका उभ्या होत्या, कुणी म्हाताऱ्या, कुणी पोटुशी, सगळ्यांच्या डोक्यावर ओली माती. त्यानंतर आज्याची शिवी सुरू व्हायची, पण 'तुया मायले' एवढ्यावर आली की त्याची नजर त्या बायकांकडे जायची आणि पुढचं तो गिळायचा. अशी ती तिथंच, पाळीवर, तुटली.

"अन डोकं?" मी विचारलं.

"डोकं तुया बापानं तोडलं," आत्या म्हणाली. "'तुया' म्हनाले समोर कोनी लागते. त्याले कोनाले म्हनाचंच नव्हतं."

मी पुढं शिक्षिका झाले, नागपूरकडे राहिले, पुण्याकडच्या सहकाऱ्यांबरोबर काम केलं. तिथं 'च्यायला' ऐकलं तेव्हा मला आमच्या अंगणातलाच कुणी नातलग भेटल्यासारखं झालं. तेही धडच, डोकं गेलेलं, शेपूट गेलेलं. 'तिच्या' म्हणून जे लोक थांबतात, त्यांनी तर मायचंही नाव गाळलं आणि नुसता एक प्रत्यय हातात ठेवला. आणि 'अरेच्या' हा जो शब्द आपण लहान मुलांच्या पुस्तकातसुद्धा छापतो, त्यातला तो 'च्या' कुठून आला असावा याचा मला दाट संशय आहे. मी तो वर्गात कधी बोलून दाखवला नाही. शिवी जसजशी झिजते तसतशी तिच्यात माया उतरत जाते, असं मला आता वाटतं. पण हे म्हातारपणीचं शहाणपण. त्या दिवशी पडवीत मला फक्त बाबांसाठी खूप आनंद झाला होता. त्यांच्या शब्दात वाईट जे होतं ते आधीच कुणीतरी काढून टाकलेलं होतं.

धान घरात आलं आणि मामांनी दुसरं स्थळ आणलं. मुलगा हिरामन; बाप लहानपणीच गेलेला, आई कौतिकाबाईनं एकटीनं शेती करून वाढवलेला. मामांनी मायला बाजूला घेऊन बजावलं, की त्या घरात मायवरचा शब्द म्हणजे विस्तव आहे. पोरगा आईवर जीव टाकतो, आणि चुलत्याला तर भांडायला निमित्तच लागतं. मायनं त्या दिवशी सकाळी देवापुढची एक अखंड सुपारी उचलली आणि बाबांच्या गालात ठेवली. म्हणाली, पाहुणे जाईपर्यंत ही बाहेर काढायची नाही. जिभेला ती लागली की आठवण राहील. बाबांनी मान डोलावली. त्यांचा एक गाल फुगलेला दिसत होता, जणू दाढ दुखत असावी.

पाहुणे छोट्या लाइनच्या गाडीनं आले. हिरामन, त्याचा चुलता, आणि कौतिकाबाई स्वतः. मुलगी पाहायला मुलाची आई येण्याचा रिवाज तेव्हा आमच्याकडे नव्हता. पण ती म्हणाली होती म्हणे, की एकच पोरगा आहे, त्याचं सासर मी डोळ्यांनी पाहीन. पुरुष ओसरीवर बसले आणि तिला मायनं आत नेलं. पारबतेनं पाणी नेलं, पोहे नेले, खाली मान घालून बसली, दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि मागच्या खोलीत गेली. तिथपर्यंत सगळं ठीक झालं.

पण ओसरीवर बाबा बोलत नव्हते. चुलत्यानं जमिनीचं विचारलं, मामांनी सांगितलं. पाण्याचं विचारलं, मामांनी सांगितलं. बाबांना सरळ विचारलं तरी ते मान हलवत, हसत, आणि त्या फुगलेल्या गालामुळे ते हसू वाकडं दिसत होतं. चुलता अखेर म्हणाला की पोरीच्या बापाले आमी पसंत दिसत नाही. मामांनी सारवासारव केली, पण आवाजात कस राहिला नव्हता.

आत कौतिकाबाईच्याही ते कानावर येत होतं. ती बारीक, काटक बाई. हाताची बोटं नांगर धरलेल्या पुरुषासारखी. मी तिच्याजवळ बसून होते. माय भात उतरवायला चुलीकडे वळली तशी ती माझ्याकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "तुया बाप रागावला आहे का बाई? खरं सांग."

मला खोटं सुचलं नाही. मी तिला सांगितलं, की रागावले नाहीत, त्यांच्या तोंडात सुपारी आहे. सुपारी कायले, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, एक शब्द बाहेर येऊ नये म्हणून. तिनं कान माझ्या तोंडाजवळ आणला आणि मी तो शब्द तिच्या कानात सांगितला. तिचा चेहरा हलला नाही. ती सरळ बसली, पदर नीट केला आणि समोरच्या पितळी तांब्याकडे पाहत राहिली. मामा म्हणाले होते तो विस्तव मी माझ्या हातानं घरात आणला, असं मला वाटलं. मायकडे बघण्याचा धीर होईना.

तेवढ्यात गोठ्याकडून आवाज झाला. आमचा एक बैल, मारका म्हणून गावभर माहीत होता, त्यानं खुंटा उपटला होता आणि तो गळ्यातल्या दाव्यासकट अंगणात आला होता. अंगणात धानाची रास. मामा ओसरीवरच मागे भिंतीपर्यंत सरकले. हिरामन मात्र काही न बोलता खाली उतरला आणि बैलाच्या वेसणीला हात घालायला निघाला. परक्या माणसाला तो बैल शिंगावर घ्यायचा. बाबांनी त्याला जाताना पाहिलं, आणि सुपारी कुठं गेली ते कळलंही नाही.

"अरे तुया मायले! सर मांगं!"

इतक्या मोठ्यानं बाबा ओरडलेले मी पहिल्यांदा ऐकले. बैलानंही बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं. इतक्या दिवसांनी मालकाचा आवाज कानी पडला तसा तो जागीच थांबला. हिरामननं वेसण धरली, बाबा धावत गेले आणि दोघांनी मिळून त्याला गोठ्यात नेऊन बांधला. ते परत आले तेव्हा चुलता उभा होता. त्यानं पायात जोडा घातला होता. तो म्हणाला, की बिनबापाचं पोर म्हणून पहिल्याच बैठकीत मायवरून शिवी ऐकायची आमच्यावर वेळ आली नाही. वहिनीला बाहेर बोलवा. गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर चालत जाऊ.

बाबा अंगणात उभे होते, हातात तुटकं दावं. मामा काहीतरी बोलत होते, कुणी ऐकत नव्हतं. माय माझ्या बाजूला भिंत धरून उभी होती. आणि कौतिकाबाई उठली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला, आणि ओसरीवर पुरुषांमध्ये जाऊन उभी राहिली.

"थांबा भाऊजी," ती दिराला म्हणाली. "यांचं बोलनं अर्धं राहिलं. पुरं होऊ द्या." मग ती बाबांकडे वळली. "तुमी माह्या पोराले म्हनलं, तुया मायले. ते माय मीच आहो. मायले काय? बोला न."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात मी इतका घाबरलेला माणूस फार थोड्या वेळा पाहिला आहे. त्यांचे ओठ हलले, थांबले. मग त्यांनी हिरामनकडे पाहिलं. त्याचा सदरा खांद्यावर फाटला होता आणि तो धाप टाकत होता. बाबांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं.

"तुया मायले," ते हिरामनला म्हणाले, अगदी हळू, "माही पारबता देतो."

कौतिकाबाई हसली. आवाज न करता, खांदे हलवून. "हे घ्या, पुरं झालं," ती दिराला म्हणाली. "अन मी घेतली. काढा जोडा." चुलत्यानं जोडा काढला. त्याला दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मामा ओसरीच्या कडेवर मटकन बसले आणि पागोट्याच्या टोकानं मान पुसू लागले. मायनं भिंत सोडली, खाली बसली, तोंडाला पदर लावला, आणि ती हसते की रडते ते मला कळेना. दोन्ही असावं. इतक्या दिवसांचं घरावर बसलेलं ओझं असं एका वाक्यात उठेल हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं.

जेवताना बाबा बोलू लागले ते थांबेचनात. झिंग्यांचा रस्सा चांगला झाला होता, तर त्यांनी तो त्या शब्दासकट चांगला म्हटला, आणि नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं मान खाली घालून भात कालवला. पुढं लग्नानंतर कौतिकाबाईनं मायला सांगितलं, की नवरा गेल्यावर ती स्वतः औत धरायला लागली तेव्हा बैल तिचं ऐकेनात. देवाचं नाव घेऊन पाहिलं, गोंजारून पाहिलं. शेवटी शेजारच्या वावरातला माणूस जे म्हणायचा ते तिनं म्हटलं आणि बैल चालले. तेव्हापासून वावरात तिच्या तोंडी हाच शब्द होता, घरी मात्र कधी नाही. मुलाला ते माहीत होतं, दिराला नव्हतं. माझ्या तोंडून तो ऐकल्यावर ती तांब्याकडे का पाहत राहिली होती, तेही तिनं सांगितलं: हसू आवरत नव्हतं म्हणून.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी, पुरुष जेवायला बसण्याच्या आधी, मी धावत मागच्या खोलीत गेले. पारबतेला तिथं फक्त आवाज ऐकू आले होते. बैलाचा, मग बाबांची ती शिवी, मग चुलत्याचं बोलणं. त्यापुढं तिनं ऐकलंच नव्हतं. तिनं शेजारून मागून आणलेल्या बांगड्या काढून पाटावर ठेवल्या होत्या आणि वेणी सोडून केस मोकळे केले होते. तिचे डोळे कोरडे होते. मी तिला एका श्वासात सगळं सांगितलं. कौतिकाबाई बाहेर कशी आली, बाबा काय म्हणाले, ती काय म्हणाली. पारबता ऐकत राहिली. मला वाटलं ती हसेल, मला मिठी मारेल, निदान पुन्हा सांग म्हणेल.

"तो बैल कोनं धरला?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, हिरामननं.

"लागलं नाही न त्याले?"

मी म्हटलं, नाही, नुसता सदरा फाटला. तिनं मान हलवली, आरसा भिंतीला टेकवला, आणि पुन्हा वेणी घालायला बसली.